बदलता येत नाही ते आधी बघा: पहिल्यांदा घर घेणाऱ्यांसाठी

माझं पहिलं घर मी चार वेळा बघितलं आणि मग घेतलं. चारही वेळा रविवार होता आणि वेळ सकाळी अकराची. बाहेरच्या खोलीत छान उजेड, वारा, शांतता. ताबा मिळाला, सामान लावलं, आणि पहिल्याच उन्हाळ्यात कळलं की झोपायची खोली पश्चिमेला आहे. दुपारी तीनला ऊन खिडकीतून शिरायचं ते थेट पलंगावर, आणि भिंत रात्री अकरापर्यंत हाताला गरम लागायची. त्या घरातले नळ भारी होते, फरशी चकचकीत होती, ड्रॉवर हलक्या धक्क्याने आपोआप मिटायचे. ते ड्रॉवर मी येईल-जाईल त्याला उघडून दाखवायचो. खोली मात्र पश्चिमेची ती पश्चिमेचीच राहिली.

त्यानंतर मी स्वतःसाठी आणि ओळखीपाळखीच्यांसाठी बरीच घरं बघितली. क्रम एकच ठेवला: जे नंतर बदलता येत नाही ते आधी तपासायचं, आणि जे बदलता येतं ते त्या घराला मानवेल असंच निवडायचं. नवखे लोक नेमकं उलटं करतात, आणि त्यात त्यांचा दोष नाही, कारण घर दाखवणारा माणूस सुरुवातच नळ आणि टाइल्सपासून करतो.

घराबाहेर पडण्याआधी

एक आठवडा आपल्याच घरावर लक्ष ठेवा आणि लिहून काढा. सकाळी एकाच तासात किती जणांना अंघोळ करायची असते? ओले कपडे कुठे वाळतात? कोण किती वाजता झोपतं आणि त्या वेळी दुसरं कोण जागं असतं? इस्त्री कुठे करता, चपला कुठे साठतात, झाडू आणि बादली कुठे राहते? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आराखड्यात सहसा नसतंच. सुंदर घराच्या बाल्कनीत वर्षभरात जो पसारा होतो, त्याचं मूळ तिथे असतं.

माझ्या ओळखीतल्या एका जोडप्याने तीन खोल्यांचं ऐसपैस घर घेतलं. दोघंही घरून काम करतात आणि दिवसभर फोनवर बोलतात. घर इतकं मोकळं-ढाकळं की दार लावून बसता येईल अशी खोली एकच. आता एक जण आत बसतो आणि दुसरा जिन्यात. खोल्यांची संख्या मोजण्यापेक्षा ‘दार लावता येईल अशा जागा किती’ हे मोजलं असतं तर बरं झालं असतं.

लिहून झालं की त्यातून पाच गोष्टी काढा ज्यांच्याशिवाय चालणारच नाही. सहावी लिहायची झाली तर आधीची एक खोडा. पंचवीस अटींची यादी घेऊन घर शोधणारा माणूस शेवटी थकतो आणि समोर येईल ते घेतो, हे मी दोन-तीनदा पाहिलंय.

हप्त्याचा हिशेब

कर्ज किती मिळतं हे बँक सांगेल. किती पेलवतं हे तुम्हालाच काढावं लागेल. समजा, वर्षाला ९ टक्के व्याजाने १०० रुपये कर्ज घेतलं आणि मुदत २० वर्षं. एकूण परतफेड होते साधारण २१६. तेच १५ वर्षांत फेडलं तर साधारण १८३. म्हणजे महिन्याचा हप्ता १३ टक्क्यांच्या आसपास वाढतो आणि व्याज ११६ वरून ८३ वर येतं. आणखी एक गोष्ट: वीस वर्षांच्या कर्जात पहिल्या हप्त्याचे सहातले पाच भाग नुसत्या व्याजात जातात. त्यामुळे जादा रक्कम भरायची असेल तर ती सुरुवातीच्या वर्षांत भरलेली जास्त कामाला येते. मुदतीआधी फेडल्यास दंड आहे का, आणि व्याजदर बदलता आहे की स्थिर, हे सहीच्या आधी वाचा.

एक साधा प्रयोग करून बघा. येणारा हप्ता आणि आत्ताचं भाडं यांतला फरक सहा महिने दर महिन्याला बाजूला टाका आणि त्याला हात लावू नका. तिसऱ्या महिन्यातच हात लावावा लागला, तर घर थोडं लहान बघा. हातात जी रक्कम जमेल ती नोंदणी, दुरुस्ती, सामान हलवणं, पडदे, दिवे यांत जाते. घराच्या किमतीत हे काहीच धरलेलं नसतं.

दिशा, मजला आणि वेळ

घर किमान तीन वेळा बघा: सकाळी, दुपारी तीन-चारच्या दरम्यान आणि रात्री जेवणानंतर. चौथ्यांदा जमलं तर भर पावसात. रात्री गेलात की शेजारचा आवाज, पार्किंगची भांडणं, पंपाची घरघर, रस्त्यावरचा दिवा थेट पलंगावर येतो का, सगळं कळतं. लिफ्टच्या किंवा जिन्याच्या भिंतीला लागून झोपायची खोली असेल तर त्या भिंतीला पाच मिनिटं कान लावून उभे राहा. वेडेपणा वाटेल, वाटू द्या.

दिशेसाठी मोबाइलमधलं होकायंत्र पुरतं. फक्त लिफ्ट, लोखंडी दारं आणि खांब यांच्यापासून लांब उभे राहून बघा, कारण लोखंडाजवळ ते चुकीची दिशा दाखवतं. आता सूर्याचा हिशेब. उत्तर गोलार्धात दक्षिणेच्या खिडकीवर उन्हाळ्यातलं दुपारचं ऊन बरंच वरून येतं, त्यामुळे साधा छज्जा ते अडवतो. हिवाळ्यात सूर्य खाली असतो, म्हणून तेच ऊन आत येतं आणि हवंहवंसं वाटतं. दक्षिण गोलार्धात हेच गणित उत्तरेच्या खिडकीला लागू पडतं. पूर्व आणि पश्चिम मात्र कुठेही सारख्याच: सकाळी आणि संध्याकाळी सूर्य क्षितिजाजवळ असतो, छज्जा कितीही पुढे काढला तरी ऊन त्याच्या खालून आत शिरतं. त्यातही पश्चिमेचं जास्त छळतं, कारण दिवसभर तापलेल्या घरावर ते येऊन पडतं.

माझ्या पश्चिमेच्या खोलीत मी आधी जाड पडदे लावले आणि काही फरक पडला नाही. नंतर उमगलं, की पडद्यापर्यंत पोचलेलं ऊन काचेच्या आत आलेलं असतं, म्हणजे उष्णताही घरात आलेली असते. आडोसा काचेच्या बाहेर हवा. बाहेरून गुंडाळायची चटई लावली तेव्हा कुठे खोली झोपण्याजोगी झाली. तुम्हाला आवडलेल्या घरात अशी खोली असेल, तर बाहेरून आडोसा लावायची परवानगी आहे का हे आधीच विचारा. बऱ्याच इमारतींत दर्शनी भागाला हात लावू देत नाहीत.

मजल्याबद्दल फार लिहीत नाही. सगळ्यात वरचा मजला छतातून तापतो आणि गळतीचा पहिला मार खातो. तळमजल्याला ओल, धूळ आणि लोकांच्या नजरा. मधल्या मजल्याला डोक्यावर दुसऱ्याचं स्नानघर. ज्याला जो त्रास सोसवेल त्याने तो निवडावा. फक्त लिफ्ट बंद असताना जिने चढून जाता येईल का, हे घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारून ठरवा.

वाऱ्यासाठी समोरासमोरच्या किंवा किमान लगतच्या भिंतींत दोन उघड्या जागा लागतात, एक आत यायला आणि एक बाहेर जायला. एकाच भिंतीत तीन मोठ्या खिडक्या असल्या तरी हवा हवी तशी खेळत नाही. आणि दोन पल्ल्यांची सरकती खिडकी कितीही सरकवली तरी अर्धीच उघडते. आराखड्यावर खिडकी सहा फुटांची दिसते, वाऱ्याला वाट तीन फुटांची मिळते.

टेप, वर्तमानपत्रं आणि खडू

जाहिरातीतल्या क्षेत्रफळात भिंतींची जाडी, बाल्कनी, कधी जिन्याचा आणि लिफ्टचा वाटाही धरलेला असतो. तुम्ही वापरणार ती जागा भिंतीच्या आतली. म्हणून टेप घेऊन जा आणि स्वतः मोजा.

मोजूनही अंदाज येत नाही तो येत नाहीच. त्यासाठी मी जुनी वर्तमानपत्रं नेतो. पलंगाच्या मापाची, समजा सहा बाय साडेसहा फुटांची, पानं जमिनीवर जोडून पसरायची आणि कडेने खडूची रेघ मारायची. मग कपाटाची दोन फूट खोली, त्याच्या पुढे दार उघडायला आणखी दोन फूट. उरलेल्या पट्ट्यातून चालून बघायचं. दोन फुटांची वाट म्हणजे एका माणसाला जेमतेम. हातात कपड्यांची बादली असेल तर तीही नाही. जेवणाच्या टेबलामागे खुर्ची मागे ओढायला अडीच ते तीन फूट लागतात. एकदा एका मैत्रिणीसोबत तिच्या आवडत्या खोलीत हे सगळं मांडलं, आणि वर्तमानपत्राच्या पलंगावर पाय न ठेवता तिला खिडकीपर्यंत जाताच येईना. दलालाने तोवर तीनदा घड्याळात पाहिलं होतं. ते घर तिने घेतलं नाही.

याच वेळी दारांच्या जागा बघा. दहा बाय दहाच्या दोन खोल्या कागदावर सारख्या असतात, पण दार भिंतीच्या मधोमध असेल तर त्या भिंतीला कपाटही लागत नाही आणि पलंगही. कोपऱ्याजवळ दार असेल तर पूर्ण भिंत हाती राहते. एकमेकांवर आपटणारी दारं, उघडल्यावर स्विच झाकणारी दारं, फ्रिजचं दार भिंतीला अडून अर्धंच उघडेल अशी खाच, हे सगळं आत्ता दिसतं. बाहेरच्या दाराची, जिन्याच्या वळणाची आणि लिफ्टची मापंही टिपून ठेवा. मोठा सोफा वर नेताना त्यांची गरज पडते.

घरात म्हातारं माणूस असेल, किंवा आपणच त्या घरात म्हातारे होणार असू, तर दाराची मोकळी रुंदी किमान ८० सेंटिमीटर हवी. चाकाची खुर्ची त्यातून जाते. ती खुर्ची जागच्या जागी वळवायला सुमारे दीड मीटर व्यासाची मोकळी जागा लागते. स्नानघरांची दारं सर्वांत अरुंद करतात, आणि खुर्ची नेमकी तिथेच न्यावी लागते.

घरात जिना असेल तर पायऱ्या मोजा. सतराव्या शतकातल्या फ्रांस्वा ब्लोंदेल या फ्रेंच वास्तुविदाचा हिशेब आजही वापरतात: पायरीच्या उंचीची दुप्पट अधिक पायरीची रुंदी, म्हणजे चालतानाचं एक पाऊल. आज ही बेरीज ६० ते ६४ सेंटिमीटर धरतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे सगळ्या पायऱ्या एकसारख्या हव्यात. एखादी पायरी दोन सेंटिमीटरने वेगळी असली की माणूस तिथेच अडखळतो, कारण पायाला आधीच्या पायऱ्यांची सवय झालेली असते.

ओल, तडे, पाणी, वीज

नुकताच रंग दिलेलं जुनं घर दिसलं की मी आधी वास घेतो. भिंतीतली कपाटं आणि ओट्याखालचे कप्पे उघडून डोकं आत घाला. रंगाने डाग झाकला जातो, बंद कप्प्यातला कुबट वास झाकत नाही. जमिनीपासून हात-दीड हात उंचीपर्यंत पोपडे आणि पांढरा खार फुटलेला असेल तर ओल खालून चढते आहे. छताला किंवा भिंतीच्या वरच्या भागाला डाग असतील तर वरून गळतंय. फक्त कोपऱ्यात किंवा कपाटामागे काळी बुरशी असेल, तर बऱ्याचदा घरातल्याच दमट हवेचं पाणी थंड भिंतीवर साचत असतं. शंका असेल तर दोन फुटांचा प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीला एक-दोन दिवस घट्ट चिकटवून ठेवा. पाणी प्लॅस्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला जमलं तर ओल भिंतीत आहे, खोलीकडच्या बाजूला जमलं तर हवेत. तिन्हींवरचा उपाय वेगळा आणि खर्चही वेगळा.

गिलाव्यातल्या केसाएवढ्या तड्यांना घाबरू नका, गिलावा वाळताना ते पडतात. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपा निघालेला आणि एका टोकाला रुंद होत गेलेला तडा दिसला, तर पाया कुठेतरी खचला असण्याची शक्यता असते. खांबाच्या किंवा तुळईच्या लांबीने सरळ गेलेला तडा आणि त्याच्या कडेला तांबूस डाग म्हणजे आतली सळई गंजते आहे. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून तो काँक्रीट आतून फोडतो. असं काही दिसलं की आपण होऊन निष्कर्ष काढू नका. स्ट्रक्चरल इंजिनिअरला पैसे देऊन आणा. घराच्या किमतीपुढे त्याची फी म्हणजे काहीच नाही.

आता बादली. घर दाखवणाऱ्याला विचारून स्नानघरात एक भरलेली बादली ओता आणि उभे राहा. पाणी जाळीकडे धावायला हवं. मीटरभर अंतरात एक ते सव्वा सेंटिमीटर उतार असला की ते धावतं. कोपऱ्यात किंवा दाराशी थबकलं तर रोज तिथेच थबकणार. दाराबाहेर पाणी आलं तर विषयच संपला. नवीन घरात शक्य असेल तर जाळी बंद करून पाणी २४ तास साठवून ठेवायला सांगा आणि दुसऱ्या दिवशी खालच्या घराच्या छताला ओल आहे का बघा. मग सगळे नळ एकाच वेळी सोडा, संडासाची टाकी सोडा, आणि धार किती बारीक होते ते पाहा. नाण्याने फरशीवर टकटक करत चाला. पोकळ आवाज आला तिथे खाली माल नीट भरलेला नाही, ती फरशी कधीतरी सुटणार किंवा तडकणार.

विजेसाठी मुख्य पेटी उघडून बघा. प्रत्येक सर्किटवर खोलीचं नाव लिहिलंय का? विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारं, ३० मिलिअँपिअरचं उपकरण आहे का? असेल तर त्यावरचं टेस्टचं बटण दाबा, वीज लगेच जायला हवी. जुन्या घरात अर्थिंग आहे की नुसतीच तीन भोकांची सॉकेटं आहेत, हे वायरमनकडून तपासून घ्या.

कागदपत्रं

कायदे जागोजागी वेगळे, म्हणून फक्त एवढंच. आधीच्या मालकापासून आत्तापर्यंतची साखळी तुटलेली नाही ना, घरावर कर्ज किंवा दावा नाही ना, मंजूर नकाशा आणि प्रत्यक्ष बांधकाम जुळतं का, राहायला परवानगी मिळाली आहे का, मागची बिलं थकली आहेत का. वकील तुमचा हवा. विकणाऱ्याने सुचवलेला वकील स्वस्त पडतो खरा, पण तो काम करतो त्याला सुचवणाऱ्याचं. आणि तोंडी कबूल केलेलं सगळं, अगदी ‘ते कपाट राहू देतो’ हेसुद्धा, करारात लिहून घ्या.

आता घराला मानवेल ते बसवा

इथे हौस सुटते आणि घराशी न जुळणाऱ्या वस्तू घरात येतात. वस्तू वाईट नसते, त्या घरातलं पाणी, हवा किंवा भिंत तिला साथ देत नाही.

सगळ्यात चांगलं उदाहरण शॉवरचं. पाण्याचा दाब उंचीवर ठरतो, दर १० मीटरला सुमारे १ बार (बार हे दाबाचं माप). तुम्ही सर्वांत वरच्या मजल्यावर असाल आणि टाकीतलं पाणी शॉवरच्या ३ मीटर वर असेल, तर दाब फक्त ०.३ बार. छतातून पाऊस पडल्यासारखं पाणी देणाऱ्या मोठ्या शॉवरना बहुधा १ बारच्या आसपास दाब लागतो. परिणाम असा, की ताटाएवढ्या शॉवरमधून मधल्या चार भोकांतून थेंब पडतात आणि माणूस त्याखाली कुडकुडत फिरतो. दाब वाढवणारा पंप लावा, नाहीतर लहान तोंडाचा साधा शॉवर घ्या. त्याच इमारतीत तळाच्या मजल्यांवर उलटा त्रास: दाब जास्त, नळांचे वॉशर लवकर जातात, तिथे दाब कमी करणारा व्हॉल्व्ह लागतो.

गिझरचंही तसंच. ३ किलोवॉटचा तात्काळ गिझर पाणी २० अंशांनी तापवायचं असेल तर मिनिटाला दोन लिटरच्या आसपास देतो. भांडी घासायला उत्तम. चांगला शॉवर मिनिटाला सात-आठ लिटर मागतो, तिथे टाकीचाच गिझर हवा. या ३ किलोवॉटला २३० व्होल्टवर १३ अँपिअर लागतात, म्हणजे त्याची वायर आणि पॉइंट वेगळा हवा. भिंती रंगवून झाल्यावर हे आठवलं तर भिंत पुन्हा फोडावी लागते.

पाणी जड असेल, म्हणजे क्षार जास्त असतील, तर चकचकीत काळे नळ, काळा ओटा आणि स्नानघरातली काचेची भिंत विसरा. रोज पुसलं नाही तर आठवड्यात पांढरे डाग पडतात. आपण रोज पुसू असं सगळ्यांनाच पहिल्या महिन्यात वाटतं. साध्या स्टीलचा ब्रश फिनिश आणि मधल्या रंगाच्या खरबरीत फरशा हे सगळं पोटात घालतात. ओल्या जागेत फरशी खरबरीतच हवी. गुळगुळीत फरशीवर साबणाचं पाणी पडलं की काय होतं ते सांगायला नको.

स्वयंपाकघरावर थोडं जास्त. १९२६ मध्ये मार्गारेटे श्युटे-लिहोट्स्की या ऑस्ट्रियन वास्तुविद महिलेने जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या नव्या घरांसाठी एक स्वयंपाकघर आखलं. काम करताना किती पावलं चालावं लागतं याचा विचार करून, आगगाडीच्या लहानशा स्वयंपाकघरापासून धडा घेऊन, साधारण १.९ बाय ३.४ मीटरमध्ये सगळं बसवलं. आज ज्याला आपण मॉड्युलर किचन म्हणतो त्याचं मूळ तिथे सापडतं. पण ते एका माणसाने उभं राहून काम करावं म्हणून आखलेलं होतं. तुमच्याकडे दोघं-तिघं मिळून स्वयंपाक करत असाल तर समोरासमोरच्या ओट्यांमध्ये चार फूट तरी सोडा, नाहीतर एकाने कप्पा उघडला की दुसऱ्याने बाहेर जायचं अशी पाळी येते. ओट्याची उंची ठरवायची सोपी रीत: जो सर्वांत जास्त वेळ स्वयंपाक करतो त्याला उभं करा, कोपर वाकवायला सांगा, आणि कोपरापासून १० ते १५ सेंटिमीटर खाली खूण करा. दुकानदार जे माप ‘स्टँडर्ड’ म्हणून सांगतो ते कोणाच्या तरी पाठीचं असतं, तुमच्या नाही.

चिमणी घेताना धूर बाहेर सोडायला भोक कुठे आहे ते आधी बघा. नळी जितकी लांब आणि जितकी वळणं जास्त, तितकी ओढ कमी. हवा गाळून परत खोलीतच सोडणारी चिमणी तेलकटपणा थोडा पकडते, पण वाफ आणि उष्णता घरातच राहते. बंदिस्त घरात ती घेण्यापेक्षा खिडकीतला साधा पंखा चांगला. आणि ओट्याची भिंत पाडून स्वयंपाकघर मोकळं करायचा विचार असेल, तर ती भिंत वरचा भार पेलते आहे का हे इंजिनिअरला विचारल्याशिवाय हातोडा उचलू देऊ नका.

एसी गरजेपेक्षा मोठा घेऊ नका. मोठं यंत्र खोली पटकन थंड करून थांबतं, हवेतला दमटपणा काढायला त्याला वेळच मिळत नाही, आणि खोली गार पण चिकट राहते. आधी ऊन अडवा, मग एसीचं माप ठरवा. थंड प्रदेशात हाच क्रम उलट्या ऋतूला लावा: आधी फटी बंद करा, दुहेरी काच लावा, मग हीटर. फक्त घर घट्ट बंद केलं की वाफेला बाहेर जायला वाट ठेवावी लागते, नाहीतर कपाटामागची ती बुरशी येतेच.

दिव्यांना फार पैसे घालू नका, स्विचच्या जागांचा मात्र नीट विचार करा. पलंगाच्या दोन्ही बाजूंनी आणि दाराशी, अशा ठिकाणांहून तोच दिवा चालू-बंद करता आला पाहिजे. झोपायच्या खोलीत २७०० ते ३००० केल्विनचा (उजेडाच्या रंगाचं माप, दिव्याच्या खोक्यावर असतं) पिवळसर उजेड, ओट्यावर ४००० च्या आसपासचा पांढरा. ओट्यावरचा दिवा डोक्यामागे नको, समोर वर हवा, नाहीतर चिरताना आपलीच सावली सुरीवर पडते.

राहायला जाताना

भिंती बंद होण्याआधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, बाजूला टेप धरून, म्हणजे आत पाइप आणि वायर कुठून गेलेत ते पुढे कळेल. खिळा ठोकताना हे फोटो उपयोगी पडतात. माझ्याकडे ते नव्हते, आणि आरसा लावताना थंड पाण्याची लाइन फुटली.

कपाटांची ऑर्डर लगेच देऊ नका. पलंग, एक टेबल आणि स्वयंपाकाचं सामान एवढ्यावर महिना-दीड महिना राहा. अंधारात हात भिंतीवर जिथे स्विच शोधतो तिथे पेन्सिलने फुली मारा. पिशव्या आल्या-गेल्या जिथे टेकवल्या जातात तिथेही मारा. मग सुतार आणि वायरमन एकाच दिवशी बोलवा आणि त्यांना त्या फुल्या दाखवा.